वळणांची वही

धाकट्यानं गाडी घरी आणली तेव्हा ती चालत आली नव्हती, टेम्पोच्या मागे दोराला बांधून आली होती. रंग लाल होता असं म्हणायचं. दिसत होता तो गंज. दोन माणसं बसतील एवढी जागा, जमिनीपासून वीतभर उंची, आणि डिकीत एक बॅग ठेवली की दुसरी मांडीवर घ्यायची. ही म्हणे स्पोर्ट्स कार. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे गल्लीला थट्टेला आयता विषय मिळाला. आठवडाभर वर-खाली करून याचं भागत नाही, म्हणून आता रविवारी आडवातिडवा जाणार, असं लोक म्हणायचे. धाकटा हसायचा. त्याला कुणी काहीही म्हटलं तरी तो हसायचाच, आणि हातातलं काम करत राहायचा. सहा वर्षं तो सुट्टीच्या दिवशी त्या गाडीखाली उताणा पडलेला असे.

सीट मास्तरांनी शिवल्या. मास्तर म्हणजे त्याचा थोरला भाऊ, कोट शिवण्यात हयात गेलेला. सगळे त्यांना मास्तर म्हणत, धाकटा तेवढा दादा म्हणे आणि धाकट्याची बायको भाऊजी. चामडं काही कापडासारखं ऐकत नाही. मास्तरांच्या सुया मोडल्या, अंगठ्यातून दोनदा रक्त आलं, पण सीट अशा बसल्या की बनवणाऱ्या कारखान्यानं मान खाली घालावी. कागदोपत्री गाडी धाकट्याची होती. मास्तर मात्र गिऱ्हाइकांशी बोलताना बेधडक ‘आमची गाडी’ म्हणायचे. त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, दुकानाच्या मागच्या खोलीत एक खाट आणि एक शेगडी एवढाच संसार उरला होता. वर्षातले पाच दिवस ते त्या गाडीत बसायचे, आणि त्या पाच दिवसांवर बाकीचं वर्ष ढकलायचे.

दरवर्षी रस्ता तोच. शहरातून निघायचं, दोन घाट ओलांडून समुद्र गाठायचा, तिथं दोन दिवस नुसतं बसायचं आणि परत यायचं. पहिल्याच वर्षी घाटातल्या एका वळणानं दोघांची पाचावर धारण बसवली. लांबून सरळसोट वाटणारं वळण मध्येच आवळलं आणि गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. मग धाकटा म्हणाला की शर्यतीच्या गाड्यांत शेजारचा माणूस वळणं वाचून दाखवतो, आपणही तसं करू.

लिफ्ट कंपनी आपल्या माणसांना दरवर्षी निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या द्यायची, त्यातली एक मास्तरांनी घेतली. पुढच्या खेपेला गाडी बैलगाडीच्या वेगानं चालवत त्यांनी सगळा रस्ता उतरवून काढला. डावं की उजवं, आणि पुढे आकडा. आकडा म्हणजे गिअर. डावं चार म्हणजे चौथ्या गिअरमध्ये सुखानं घ्यायचं वळण, उजवं दोन म्हणजे दुसऱ्यावर येऊन जपून, आणि एक म्हणजे गाडी जवळजवळ उभी करून. अशी चारशे बारा वळणं.

धाकट्याचा एक नियम होता. रस्ता आपल्या डोक्यात ठेवायचा नाही. डोक्यात ठेवला की हात वळणाच्या आधीच वळतात, असं तो म्हणायचा. त्यामुळे दरवर्षी तो त्या रस्त्यावर पहिल्यांदा आल्यासारखा यायचा आणि कान मास्तरांच्या हवाली करायचा. दरडीपलीकडचं काही दिसो न दिसो, मास्तर ‘उजवं दोन’ म्हणाले की हात दुसऱ्या गिअरवर गेलाच. मास्तरांना त्याचं फार सुख वाटायचं. जन्मात त्यांचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईकसुद्धा नवा कोट घालून आरशासमोर उभं राहतं आणि बायकोचं ऐकतं.

मग मास्तरांचे डोळे जायला लागले. दोन्ही एकदम नाही, आणि पूर्णही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, आणि चष्म्यानं काही होणार नाही. झालंही तसंच. माणसाच्या तोंडाकडे पाहावं तर चेहऱ्याच्या जागी धूर आणि बाजूला दोन कान. मास्तरांनी हे कुणालाच सांगितलं नाही. समोरच्या लॉन्ड्रीतल्या बाईकडून ते रोज सकाळी वीस-पंचवीस सुया ओवून घ्यायचे, वेळ वाचतो म्हणून. नवे कोट घेणं बंद केलं, तब्येतीचं निमित्त सांगून. बाह्या आखूड करणं, अस्तर बदलणं, बटणं लावणं, एवढं बोटं आपली आपण करायची.

आणि वही त्यांनी पाठ केली. दिसत होतं तोवर भिंगाखाली धरून, रोज चार पानं. ज्याच्या डोक्यात अर्ध्या शहराच्या छात्या आणि कंबरा चाळीस वर्षं मुक्कामाला आहेत, त्याला चारशे वळणं काय जड? पुढच्या दोन ट्रिपा त्यांनी अशाच मारल्या. वही मांडीवर, बोट ओळीवर, पान वेळेवर उलटायचं आणि तोंडानं पाठ म्हणायचं. कडेच्या नजरेला झाडं आणि कठडे सरकताना कळत, वळण पोटाला कळे. एक चूक झाली नाही. मास्तरांना आपल्या या करामतीचा मनातून गर्व वाटायला लागला होता. हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या गर्वाच्या पोटी आलं, आणि त्याला दुर्दैव म्हणायची सोय नाही.

त्या वर्षी निघायच्या पंधरा दिवस आधी धाकटा बायकोला घेऊन दुसऱ्या घाटात जाऊन आला. ती कोर्टात लघुलेखक होती. साक्षीदार जे बोलेल ते शब्दन्‌शब्द टिपायचं, हे तिचं काम. गाडीत दोनच जागा आणि त्यातली दुसरी भाऊजींची, हे तिनं इतकी वर्षं कुरकुर न करता मान्य केलं होतं. त्या रविवारी तिला सहज वाटलं आणि ती गेली. घाटात नव्या पुलाचं काम होऊन दोन वळणं बदलली होती. धाकट्यानं गाडी बाजूला घेतली आणि तिनं दोन्ही ठिकाणी गाडीतल्या वहीत दुरुस्ती केली, तिच्या कोर्टातल्या बारीक, नीटस अक्षरात.

संध्याकाळी धाकटा वही दुकानात देऊन गेला. दोन वळणं बदललीत, वहीत करून ठेवलंय, बघून घे, म्हणाला. बघतो, असं मास्तर म्हणाले.

त्यांनी बघितलंही. चार दुपारी ते खिडकीशी वही नाकाला लावून बसले, भिंग या डोळ्याला आणि त्या डोळ्याला लावत, पान तिरकं धरून. तिसऱ्या दुपारी एक सापडलं, कारण तिथं समासात मोठा बाण काढलेला होता: उजवं तीनचं आता उजवं दोन. दुसरं काही केल्या सापडेना. चौथ्या दुपारी वही घेऊन ते लॉन्ड्रीच्या दारापर्यंत गेले. बाई आत चादरींच्या घड्या घालत होती. मास्तर उंबऱ्याशी उभे राहिले आणि परत फिरले. स्वतःच्या हातची वही याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, ही बातमी धाकट्याच्या घरी पोचायला एक दिवस लागला नसता, आणि मग ती दुसरी सीट भावजयीची झाली असती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दुपारी मास्तरांना ते पाच दिवस जिवापेक्षा जास्त वाटले.

निघायच्या सकाळी काच पुसता पुसता धाकट्यानं विचारलं, दोन्ही बघितलीस ना?

“बघितली,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या घाटाला ते सकाळी दहाच्या सुमारास लागले. लख्ख ऊन होतं, रस्ता कोरडा आणि रिकामा. धाकटा खुशीत होता, बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरत होता. बाणाचं वळण मास्तरांनी बरोबर दोन वाचलं. त्यापुढची दहा-बारा वळणंही बिनचूक गेली. मग दरडीला वळसा घालणारं ते वळण आलं.

“डावं चार,” मास्तर म्हणाले.

धाकट्याचा पाय ॲक्सिलरेटरवर क्षणभर हलका झाला. “चार?” त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत त्यानं एकदाही परत विचारलं नव्हतं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. “चार म्हटलं ना.”

धाकट्यानं पाय पुन्हा दाबला.

दरडीपलीकडे रस्ता पुलाकडे काटकोनात तोडलेला होता. गाडी रस्ता ओलांडून सरळ उजवीकडे गेली आणि नव्या दगडी कठड्यावर चालकाच्या बाजूनं आदळली. मास्तरांचा खांदा निखळला आणि दोन फासळ्या गेल्या. धाकटा सीटवरच संपला. मास्तर त्याला हाका मारत होते. त्याचा चेहरा बघावा म्हणून त्यांनी मान वळवली, तर त्यांना त्याचा कान दिसला.

इस्पितळात जबाब घ्यायला एक पोलीस अधिकारी आला. भावजय खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती नुकतीच धाकट्याचा मृतदेह ओळखून आली होती. अधिकाऱ्यानं विचारण्याआधी तिनंच विचारलं.

“भाऊजी, तिथं मी चार खोडून दोन लिहिलं होतं. तुम्ही दोन वाचलंत ना?”

दुसरी दुरुस्ती काय होती ते मास्तरांना असं कळलं. अधिकारी पेन टेकवून थांबला होता. खोलीत कुणाचा तरी चमचा ताटलीवर वाजत होता. हो आणि नाही यांमध्ये फार तर दोन श्वास गेले असतील, आणि तेवढ्यात मास्तरांनी आपल्या सख्ख्या भावाला विकलं.

“हो. दोन वाचलं.”

“मग त्यांनी ऐकलं नाही,” ती म्हणाली.

कागदावर आलं की चालकाच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला. फाइल बंद झाली. गाडी भंगारवाल्यानं उचलून नेली. ज्यांनी जन्मभर धाकट्याची थट्टा केली होती, ते आता गंभीर चेहऱ्यानं म्हणायला लागले की असल्या गाड्या माणसाच्या डोक्यात जातात. मास्तरांच्या तोंडावर म्हणायचे, त्यांचं सांत्वन म्हणून. तुम्ही सांगत होतात हो, पण तो ऐकेल तर ना. मास्तर मूग गिळून बसायचे आणि अस्तराला टाके घालायचे. नाही म्हणायला एकदा त्यांनी लॉन्ड्रीतल्या बाईला सांगितलं, की तो तसा नव्हता. बाई म्हणाली, मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हे खरं. झालं.

भावजय मात्र बोलायची. रडली नव्हती, ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. गाडीला टेकून उभ्या असलेल्या धाकट्याचा फोटो तिनं भिंतीवरून काढून कपाटामागे सरकवला. दोन म्हणून सांगितलेलं असताना हा माणूस चौथ्यावर गेला, मागे घरी कुणी बसलंय हे क्षणभर मनात आलं नाही, असं ती भेटेल त्याला एकाच सुरात सांगायची, जबाब वाचून दाखवल्यासारखं. मास्तर तिच्याकडे जायचे कमी झाले. गेले तरी दाराजवळच्या खुर्चीत बसायचे आणि चहा अर्धा ठेवून उठायचे. आपण खरं सांगितलं तर ही आपलं तोंड बघणार नाही, हे त्यांना कळत होतं. नाही सांगितलं तर ही धाकट्याचं तोंड कधीच बघणार नाही, हेही कळत होतं. दर वेळी जिन्यात सांगायचं ठरवून ते वर जायचे आणि तसेच खाली यायचे.

पाच महिन्यांनी एका शनिवारी दुपारी ती दुकानात आली. हातात दोन पिशव्या. एकीत धाकट्याचा राखाडी कोट होता, मास्तरांनीच लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला शिवलेला. तो उसवून आखूड करून द्या, माझ्या भावाला देऊन टाकते, घरात नको, असं ती म्हणाली. दुसऱ्या पिशवीत पोलिसांनी परत केलेल्या गाडीतल्या वस्तू होत्या. टॉर्च, चष्म्याचं घर, पाना, वह्या. हे तुम्हीच ठेवा, तुमचंच होतं ते सगळं, म्हणाली. आवाजात कडवटपणा नव्हता, नुसता थकवा होता.

मग ती जायला निघाली आणि दाराशी थांबली.

“भाऊजी, एकदा वाचून दाखवाल? गाडीत वाचत होतात तसं. शेवटी त्यांच्या कानात काय होतं ते मला ऐकायचंय.”

तिनं पिशवीत हात घालून निळी वही काढून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली. तोच खरबरीत पुठ्ठा, तोच गोल झालेला कोपरा. ते स्टुलावर बसले, वही मांडीवर उघडली, अंदाजानं मधली पानं गाठली आणि बोट ओळीवर ठेवलं.

दुसऱ्या घाटाच्या पायथ्यापासून त्यांनी सुरुवात केली. आपोआप गाडीतला आवाज लागला, स्पष्ट आणि न डगमगणारा. उजवं तीन. डावं तीन. उजवं एक, कठडा नाही. डावं चार, लगेच उजवं तीन. भावजय कोटाची घडी घालत होती, कापडाची सळसळ त्यांना ऐकू येत होती. मग ती थांबली. ती जवळ येऊन त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली, तेही त्यांना कळलं. त्यांनी पान उलटलं. बाणाचं वळण आलं, उजवं दोन. मग दहा-बारा वळणं गेली, आणि दरड आली.

“डावं दोन,” मास्तर म्हणाले. ते म्हणताना आवाज किंचित खाली आला. ते पुढे वाचत राहिले. आणखी सात वळणं वाचली, आणखी एक पान उलटलं. तिनं त्यांना घाटाच्या माथ्यापर्यंत जाऊ दिलं.

“भाऊजी,” मग ती म्हणाली, “ही लिफ्टची वही आहे.”

मास्तरांचं बोट ओळीवरच राहिलं.

“कुठल्या इमारतीत कधी तेल घातलं, त्याच्या तारखा आहेत यात. आपली वही अजून पिशवीत आहे. माझ्या हाताला चुकून ही आली.”

बाहेर लॉन्ड्रीवर कुणीतरी गिऱ्हाईक हिशोबावरून हुज्जत घालत होतं. मास्तरांनी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. भावजयीनं समोरची खुर्ची ओढली आणि बसली. जन्मभर तिनं दुसऱ्यांनी विचारलेले प्रश्न टिपले होते. आता तिनं स्वतः विचारले, तसेच आखूड आणि कोरडे. कधीपासून दिसत नाही? तीन वर्षं झाली. त्यांना माहीत होतं? नाही. मी केलेली दुरुस्ती बघितली होतीत? एकच सापडली.

“तिथं काय वाचलंत?”

“चार.”

मास्तरांना तिचे कान दिसत होते आणि मधे धूर.

“मग त्यांनी ऐकलं होतं तुमचं,” ती म्हणाली.

मास्तर इथं थांबू शकले असते. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि उरलेलं कळायला जगात दुसरा कुणी साक्षीदार नव्हता. पण पाच महिने घशात अडकलेलं एकदा सुटलं आणि मग त्यांना ते आवरता आलं नाही.

“त्यानं विचारलं होतं,” ते म्हणाले. “चार? असं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तेव्हा म्हणता आलं असतं की मला दिसत नाही, गाडी थांबव. मी म्हटलं, चार म्हटलं ना.”

भावजय रडायला लागली. कोट तोंडाला लावून, पाच महिन्यांचं सगळं एकदम, अंग हलवून रडली. मास्तर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले होते. तिला उठून पाणी द्यावं असं वाटलं, पण आपल्या हातचं ती घेईल का याचा भरवसा नव्हता, म्हणून ते बसूनच राहिले.

रडणं ओसरल्यावर तिनं तोंड पुसलं, कोट झटकला, त्याची नीट घडी घातली आणि तो आपल्या पिशवीत परत ठेवला. मग मापांच्या वहीतला एक कोरा कागद मागितला. मास्तरांनी तो चाचपून फाडून दिला. कापायच्या टेबलावर कागद ठेवून ती लिहायला लागली. पेनाचा आवाज बराच वेळ येत होता. इतका काय मजकूर असेल, असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं.

“सोमवारी फाइल उघडून घेते,” ती म्हणाली. “ऐका.”

तिनं वाचून दाखवलं. मी, अमुक, पूर्वीचा माझा जबाब खोटा असून, मला वाचता येत नसताना मी वाचत असल्याचं भासवलं. दुरुस्ती पाहिल्याचं खोटं सांगितलं. चालकानं विचारलं असता मी पुन्हा चूक आकडा सांगितला. चालकानं मी सांगितलं तसंच केलं. त्याची काहीही चूक नव्हती.

“बरोबर?”

कागदावर तेवढंच होतं की आणखी काही, हे कळायला मास्तरांना मार्ग नव्हता. तिच्या आवाजावरच विसंबायचं होतं.

“बरोबर,” ते म्हणाले. “कुठं करू?”

तिनं त्यांच्या हातात पेन दिलं, त्यांच्या डाव्या हाताचं बोट धरलं आणि कागदावर नेऊन टेकवलं.

“इथं.”

त्यांनी सही केली.